डावा कौल

वाचकांच्या चरणी नम्र निवेदन की, एका कन्येने देवाचा नकार स्वतःच्या कानांनी ऐकल्यानंतरही आपला निश्चय कसा पार पाडला, याचा वृत्तांत येथे यथामती सादर करण्यात येत आहे.

"डावो दिल्यान रे, कोंडीराम."

लालबागच्या चाळीतील परबांच्या खोलीत फोनमधून गुरवाचा आवाज आला. कणकवलीजवळच्या गावी, ग्रामदेवतेच्या देवळात, गुरवाने नुकत्याच पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या, म्हणजेच कळे, चिकटवल्या होत्या. उजवी प्रथम गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार, ही परब घराण्याची पिढीजात रीत होती. कोंडीराम परबांनी या रीतीवाचून घरात साधे कपाटसुद्धा आणले नव्हते. देवाला काय विचारायचे ते ते खणखणीत आवाजात सांगत, त्यामुळे अर्ध्या चाळीला परबांची गाऱ्हाणी तोंडपाठ होती. आज मात्र त्यांनी डोळे मिटून केवळ ओठ हलवले होते. "मनात धरलंय, तू कळे लाव," एवढेच ते गुरवाला म्हणाले होते.

त्यांची कन्या दीपिका हातातील चहा विसरून आपल्या फोनकडे पाहत होती. शेअर बाजार नुकताच उघडला होता आणि उघडताक्षणीच कोसळला होता. आखातात युद्ध पेटले होते. तेल भडकले होते, रुपया घसरला होता. शेजारच्या खोलीतील दूरदर्शन संचावर मतमोजणी चालू होती आणि कोणत्याही पक्षास बहुमत मिळण्याचे चिन्ह नव्हते. अशा या प्रलयकाळी दीपिकेला शेअर विकत घ्यावयाचे होते. परळच्या रक्ततपासणी केंद्रात नोकरी करून साठवलेली तिची सर्व पुंजी त्यासाठी सज्ज होती.

तिने निवडलेली कंपनी पाण्याचे पंप बनवणारी होती. या निवडीचे मूळ घरातच होते. कोंडीराम महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. परळ विभागात पाणी सोडण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्या काळात किती सरकारे आली, किती पडली, परंतु चौथ्या मजल्यावर पाणी चढवावेच लागले. दीपिकेने कंपनीचे जुने अहवाल रात्रंदिवस अभ्यासले. कर्ज नाही, मंदीतही लाभांश चुकलेला नाही, असे तिला आढळले. लोक भयाने विकत असताना चांगली वस्तू स्वस्त होते, असा तिचा सिद्धान्त होता.

उंबरठ्यावर शेजारचा अभय उभा होता. मागील पडझडीत त्याचे हात चांगलेच पोळले होते. तेव्हापासून इतरांना सावध करण्याचे कार्य तो विनामूल्य करीत असे.

"दीपे, देवाचं डिमॅट नाय ना, म्हणून तो सुखी आहे," तो म्हणाला. "ऐक त्याचं."

दीपिकेने त्याच्याकडे पाहिले नाही. नाशिकच्या नर्सिंग महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा कौल डावा आला होता. बेंगळुरूच्या मोठ्या प्रयोगशाळेने बोलावले, तेव्हाही डावाच. त्या वेळी ती कौल मोडून निघाली होती. बॅग दारापर्यंत गेली होती. तेव्हा कोंडीरामांनी बजावले होते की, कौल मोडणाऱ्याच्या हातचे पाणी ते पिणार नाहीत. बॅग परत माळ्यावर चढली होती. आज प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. आजही बॅग माळ्यावरच राहिली असती, तर पुढे ती कधीच उतरली नसती.

कोंडीरामांनी काही सांगण्यासाठी तोंड उघडले. दीपिकेने हात वर करून त्यांना थांबवले.

"डावा असू दे, बाबा. नर्सिंगला डावा, गप्प बसले. बेंगळुरूला डावा, गप्प बसले. आज नाही बसणार. बुडाले तर माझे बुडतील. तुमचे नाही आणि देवाचे पण नाही."

तिने फोनवर बोट दाबले. खरेदी झाली.

पुढच्याच मिनिटाला भाव आणखी खाली आला. अभयने मान लांब करून पाहिले आणि लालेलाल झाले, असे समाधानाने जाहीर केले.

"मग अजून थोडे घेते," दीपिका म्हणाली, आणि तिने उरलेले पैसेही लावले.

अभय आपल्या खोलीत गेला. बाहेर मतमोजणीचा गलका वाढला. दीपिकेने फोन खाली ठेवला नाही. वडिलांकडे पाहण्याचे धैर्य मात्र तिला होईना. ती त्यांच्या शिव्यांची वाट पाहत राहिली.

"पाणी दी," कोंडीराम म्हणाले.

तिला आपण चुकीचे ऐकले असे वाटले. ती जागची हलली नाही.

"मी कौल मोडलाय, बाबा. माझ्या हातचं चालेल?"

कोंडीराम स्वतः उठले. त्यांनी पिंपावरचा तांब्या उचलून तिच्या हाती दिला आणि तिच्यासमोर ओंजळ धरली. तिने पाणी ओतले. ते पोटभर प्याले. मग ओल्या हाताने तोंड पुसून ते शांतपणे म्हणाले:

"मी शेअराचा इचारूकच नाय. देवा, ह्येच्याफुडे ह्या माझ्या चेडवाच्या कामात तुका इचारीत रवू काय, इतक्याच इचारलंय. देवान डावो दिल्यान."

ही कथा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या प्रत्येकाचा मी, गणपत सखाराम मेस्त्री, मुक्काम काळाचौकी, अंतःकरणपूर्वक आभारी आहे.