मायेवर

चार्वीला पोचवून सगळे परतले, तेव्हा कुठे हेमांगीचं लक्ष भुऱ्याच्या गळपट्ट्याकडे गेलं. बटण अजून ‘माया’वरच होतं.

‘काम’वर असला की हा कुत्रा लेकीशी खेळत नसे. तिला फिट येण्याआधीच त्याला वास लागे आणि भुंकून तो घर डोक्यावर घेई. वाढदिवसाला चार्वीने हट्ट धरला होता, “आई, आजचा दिवस त्याला मायेवर ठेव ना!”

पट्टा तपासायला आलेला माणूस त्यातली नोंद बघून म्हणाला, “ताई, वास लागला होता त्याला.”

“मग मेला भुंकला का नाही?”

“मायेवरचा कुत्रा भुंकत नाही. बिलगतो.”

त्या दुपारी दोघं बिलगूनच पडली होती. झोपमोड नको म्हणून हेमांगीनेच दार हलकेच ओढून घेतलं होतं.