पूर्ण आराम

तुम्ही तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, डॉक्टरसाहेब. बारामतीतल्या तुमच्या काचेच्या केबिनमध्ये ओली बाळंतीण रोहिणी म्हणाली, "झोप लागत नाही, सारखं रडू येतं." तुम्ही चिठ्ठीवर 'पूर्ण आराम' एवढंच लिहिलंत आणि बेल दाबलीत. पुढचा पेशंट आत आला, तेव्हा ती अजून खुर्चीतून उठतच होती.

त्या दोन शब्दांचा तिच्या सासरी, कन्हेरी गावात, कायदा झाला. तिचा सासरा आप्पा मुळातच हौशी. पूर्वी त्याच्या घरातल्या बायका मेंढरांमागं चालता चालता बाळंत व्हायच्या, दुसऱ्या दिवशी पोर पाटीत घालून पुढच्या गावाला निघायच्या. आता ऊस होता, स्लॅबचं घर होतं. "माझी सून पाय खाली ठेवणार न्हाय," असं तो येईल त्याला सांगायचा. पहिलं बाळंतपण असूनही त्यानं तिला बावड्याला माहेरी पाठवलं नाही. स्वतंत्र खोली दिली. बाज, शेगडी, डिंकाचे लाडू. वारं लागेल म्हणून खिडकीला चादर. नवरा सूरज लोणी देवकरच्या कंपनीतून शिफ्ट करून आला की दारातूनच विचारायचा, "बरी हाईस न्हवं?"

ती 'हो' म्हणायची. सगळे मायेनंच वागत होते आणि मायेनंच तिला कोंडलं होतं.

बाळंतपणानंतर एकविसाव्या दिवशी आप्पाची आई तानूबाई शेक द्यायला आत आली. वय ऐंशीच्या पुढं. रोहिणी भिंतीला पाठ लावून बसली होती. बाळ बाजेच्या दुसऱ्या टोकाला.

"आज्जी, हिला माझ्यापासून लांब न्या. माझ्या हातनं काहीतरी होईल."

तानूबाईनं तोंडावर हात नेला नाही. बाधा म्हणाली नाही, अंगारा आणला नाही. बाळ उचलून रोहिणीच्या सासूच्या मांडीवर दिलं आणि परत आली.

"कवापासनं?"

"पाचव्या दिवसापासनं."

"बरं. उद्याच्याला माझ्यासंगं चालाय यायचं."

त्याआधी म्हातारी गावातल्या आरोग्य उपकेंद्रात गेली आणि सिस्टरला घरी घेऊन आली. राजलक्ष्मी सिस्टरनं सिझरचे टाके बघितले, रोहिणीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हळूहळू चालवा. एकटी सोडू नका. गुरुवारी मनाच्या डॉक्टरकडं मी सोबत येते. गोळ्याही लागतील, चालणंही लागेल."

पहिल्या दिवशी गोठ्यापर्यंत. चाळीस पावलं. रोहिणी घामानं भिजली आणि घरी येऊन रडली. तिसऱ्या दिवशी बांधापर्यंत. गुरुवारी गोळ्या सुरू झाल्या, पण सकाळचं चालणं चुकलं नाही.

आणि रोहिणीला रोज एक नवल दिसायचं. घरात भिंत धरून चालणारी ही म्हातारी बांधावर आली की सरळ व्हायची. काठी मानेमागं आडवी जायची, दोन्ही मनगटं तिच्यावर. पावलाचा आवाज नाही, की दमल्याची खूण नाही. रोहिणी तिच्या टाचांकडं बघत चालायची. काळ्या, भेगाळलेल्या टाचा. त्या टाचा कितीदा घाट उतरून कोकणात गेल्या असतील, कितीदा चढून आल्या असतील. त्यांचा सत्कार कुणी केला? नारळसुद्धा कुणी हातात ठेवला नाही.

म्हातारी उपदेश करत नव्हती. मध्येच गुरकायची, "श्वास सोड की गं! का त्योबी सासऱ्याला इचारून सोडणार?"

एकदा रोहिणीला हसू आलं. तिचं तिलाच ते ओळखू आलं नाही.

दहाव्या दिवशी त्या कालव्यावर पोचल्या. तानूबाई पाण्याच्या बाजूनं चालत होती. ऊन वर आलं होतं, उसाचा ओला वास सुटला होता. रोहिणी थांबली. तिला भूक लागली होती. कितीतरी दिवसांनी, खरीखुरी. घरी येऊन तिनं मागून भाकरी खाल्ली. मग बाळाला जवळ घेऊन त्याच्या टाळूचा वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा दारात आडवा उभा.

"आई, काय लावलंयस हे? लोक म्हणत्यात, आप्पानं बाळंतीण रानात हाकलली."

"लोकांस्नी म्हणावं, तुमीबी या चालाय."

"चेष्टा नको. मनाचा आजार म्हणं! आपल्या घराण्यात असलं कुणाला झालं न्हाय."

रोहिणी चपला काढायला खाली वाकली. तानूबाईनं तिचा दंड धरला.

"राहू दे पायात." मग ती लेकाकडं वळली. "झालंय. मला झालंय. तू बारा दिसांचा हुतास. घाटाच्या वाटंवर तुला बाभळीखाली ठिवला आन् निघून गेले मी. परत यायचंच न्हवतं मला. कळप चालला तशी चालत ऱ्हायले. कोसभर चालल्यावर डोस्क्यातलं काळं उतरलं, छातीला दूध आलं. तशी माघारी पळाले. आपलं कुत्रं तुझ्यापाशी बसून हुतं. तुझ्या बापालाबी म्या कधी सांगितलं न्हाय."

चौकटीवरचा आप्पाचा हात खाली आला. साठ वर्षांचा माणूस आईकडं पोरासारखा बघत राहिला.

"त्या दिशी मला कुणी तुझ्यासंगं खोलीत कोंडली असती, तर आज दार अडवाय तू असतास का रं? बोल की!"