बाई धरून

वाघोलीपलीकडच्या एका वस्तीवर मी जनगणनेला गेले होते.

"घरात माणसं किती?" पहिल्याच दारात विचारलं.

"सहा हायत," सरुबाई म्हणाल्या. मला तर पाचच दिसत होती.

"तुमाला धरून की, बाई."

मी हसले आणि पाच लिहिले. पुढच्या प्रत्येक घरानं मला धरूनच आकडा सांगितला, अगदी सहज. शेवटच्या घरी माझं ताटही वाढून ठेवलं होतं. भूक लागली होती, जेवले.

संध्याकाळी नारायण पेठेत आमच्या घराची बेल वाजवली. ह्यांनी दार उघडलं.

"कोण हवंय आपल्याला?"

ह्यांचा तिरकसपणा लग्नापासूनचा आहे. मी चपला काढायला वाकले.

आतून माझ्या लेकीचा, उत्कर्षाचा, आवाज आला, "बाबा, जनगणनेच्या बाई असतील. सांग त्यांना, आपण दोघंच आहोत."