जयवंताबाईची साक्ष

विहिरीवरचा प्रवेश सुरू झाला की जयवंताबाई उठायची, पदर सावरायची आणि विहाराच्या अंगणात निंबाखाली जाऊन बसायची. आत रोज बळीराम मरायचा. आतला आरडाओरडा थांबून चहाचे कप वाजू लागले, की मगच ती परत यायची.

तिला कुणी काही विचारत नसे.

नाटक मधुसूदन बसवत होता. नागपुरात इंदोऱ्याच्या एका शाळेत तो मास्तर होता. कामठीपलीकडच्या पिंपळझरीत चार वर्षांपूर्वी जे घडलं, ते जसंच्या तसं मांडायचं, मनाचं एक वाक्य घालायचं नाही, असा त्याचा हट्ट होता. बौद्धवाड्याची विहीर आटली म्हणून बळीरामने भर दुपारी गावच्या विहिरीत बादली सोडली होती. तिथंच, काठावर, त्याला कुऱ्हाडीनं तोडलं. पुढं पोलीस आले तेव्हा अख्ख्या गावानं काही पाहिलेलं नव्हतं. पाहणारी निघाली एकटी जयवंताबाई.

ती कोर्टात बोलली आणि गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. चक्कीवाला दळण घेईना. सख्ख्या भावानं तोंडावर दार लावलं. पोरगा घरातून गेल्यावर तसंही घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. ती उठून नागपूरला आली, सक्करदऱ्याला एक खोली घेतली आणि लोकांचे पापड लाटू लागली. तिथंही कुणी बोलत नसे, पण त्या न बोलण्यात राग नव्हता, एवढाच फरक.

मधुसूदनने तिला शोधून काढलं, नाटकाचं सांगितलं. तिनं पोळपाटावरचा पापड लाटून पुरा केला, उचलून वाळत घातला.

"तालमीले येऊन बसली तं चालते का?"

तो म्हणाला, "या ना बाई. काहून नाही?"

पहिल्या दिवशी शामलाने तिच्यापुढं पाण्याचा गिलास धरला. जयवंताबाईचं काम शामलाच करत होती. ही आपल्या हातचं पिते का, म्हणून ती पोरगी गिलास पुढं करून तशीच बघत राहिली. जयवंताबाईनं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"अजून दे वं," ती म्हणाली.

तेव्हापासून सगळे तिला मान देत. पण ती सतरंजीवर येऊन बसली, की तिच्या दोन्ही बाजूंची जागा आपोआप रिकामी होई.

महिन्यातून एका रविवारी ती वर्धा रोडला, उंच दगडी भिंतीच्या मोठ्या फाटकाशी, जाऊन यायची. जाताना हातात डबा असायचा आणि येताना तो तसाच भरलेला असायचा. एका रविवारी ती तिकडून परस्पर तालमीलाच आली. कृष्णकांत कोपऱ्यात एकटा बसला होता. तारऑफिसातला सालस पोरगा, पण धोंडबाचं, म्हणजे कुऱ्हाड चालवणाऱ्याचं, काम त्याच्या वाट्याला आलं होतं. तिनं डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला.

"खा."

"मावशी," तो खाली बघत म्हणाला, "तुमच्यासमोर हे काम करतानी माही जीभच वळत नाही."

"काहून? काम हाये ते." तिनं डबा त्याच्याकडे सरकवला. "पण तू लय ओरडतं गा. धोंडबाचा आवाज बारीक होता. तो ओरडे नाही."

कृष्णकांतनं भाकर मोडली, वांग्याची भाजी पुसून खाल्ली आणि नळावर डबा धुऊन आणून दिला. त्या दिवशी घरी जाताना तो रिकामा डबा ती छातीशी धरून चालली होती.

प्रयोग सीताबर्डीवरच्या नाट्यगृहात होता. तिसऱ्या घंटेच्या आधी मधुसूदन तिच्याजवळ आला. वकिलाचा काळा कोट अंगात, कपाळावर घाम.

"बाई, तुमच्या साक्षीतला शेवटचा सवाल... म्हणान तं काढून टाकतो. लोकं पाहतीन तुमच्याकडे."

"कोर्टात होता का तो सवाल?"

"होता."

"मंग राहू दे."

इथं अंगण नव्हतं. विहिरीवरचा प्रवेश तिनं पहिल्यांदाच बसून पाहिला. खुर्चीचे हात घट्ट धरले, पण मान खाली घातली नाही. मग उजेड बदलला. कोर्ट लागलं. एका बाजूला आरोपीच्या पिंजऱ्यात कृष्णकांत, दुसऱ्या बाजूला नऊवारीतली शामला.

"मी वसरीत तांदूळ निवडून राहिली होती," शामला सांगत होती. "गलका आला म्हणून उठली. बळीराम विहिरीपाशी पडला होता. पाणी मांगत होता. मी पाण्याचा गडवा घेऊन धावली. पोचत नाही तं धोंडबानं आणखी एक घाव घातला."

"ऊन रखरखीत होतं," वकील झालेला मधुसूदन म्हणाला. "गर्दी होती. तुमचं वय झालं. माणूस ओळखण्यात चूक होऊ शकते, बाई."

"चूक नाही झाली, साहेब."

"इतकी खात्री? हा पिंजऱ्यातला माणूस तुमचा कोण लागते?"

शामलाने तोंड उघडलं. तालमीत हे उत्तर तिनं कितीदा न चुकता दिलं होतं. पण आज तिची नजर पहिल्या रांगेत गेली आणि तिथंच अडकली. विंगेतून कुणीतरी शब्द पुरवला. तिनं मान हलवली. तिला ते म्हणता येईना.

कुठं तरी खुर्ची करकरली.

पहिल्या रांगेत जयवंताबाई उठून उभी राहिली होती. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पिंजऱ्याकडे पाहिलं.

"पोरगा," ती म्हणाली. "माहा एकुलता एक पोरगा हाये, साहेब."