बांध मोडणारं जनावर

नाल्याला पूर आला आणि हरिबा व निंगप्पा यांच्या शेतांमधला बांध वाहून गेला. खाली दगड झालेला भलामोठा सांगाडा उघडा पडला. त्याचं एक टोक हरिबाच्या तुरीत, दुसरं निंगप्पाच्या जवारीत. आता त्यांच्या कमठाणा गावचा रिवाज असा, की ज्याच्या जनावरानं बांध मोडला, त्यानंच तो पुन्हा घालायचा. मग पुराचं नाव कशाला कोण काढतंय!

"निंग्या, तोंड माझ्या तुरीकडं हाय," हरिबा गरजला. "म्हंजी तुझ्या रानातनं आलंय. बांध तूच घाल!"

"न्हाई घालत! ह्ये जनावर उलटं चालतंय. आधी शेपटी, मागनं तोंड."

"कामून? तुझ्या घरची समदी तशीच चालत्यात म्हनून?"

पंधरा दिवस दोघं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते. हरिबानं तर बैल, शेळी, गाढव, सगळी जनावरं गावासमोर चालवून दाखवली. एकही उलटं गेलं नाही.

शेवटी हैदराबादेहून दगड तपासणारा साहेब आला. त्यानं हाडांवर भिंग धरलं आणि म्हणाला, "तुरीत आहे ती शेपटी. डोकं तिकडं जवारीत आहे."

निंगप्पानं मिशीला पीळ भरला.

हरिबानं गाढवाचं दावं सोडलं आणि हात जोडले. "साहेब, जरा आमच्या निंगप्पाअण्णाचं बी ऐका. लई जाणता मानूस हाय. पंधरा दिवस झालं सांगायलाय, ह्ये जनावर उलटं चालतंय म्हनून."