दहाच्या आसपास

“वीस पॉइंट आठ?” मंजुषानं आफरीनचं जर्नल जवळ ओढलं. “अगं, दहाच्या आसपास यायला पाहिजे. फळ्यावर लिहिलंय ना मी?”

“तीनदा केलं मॅडम, खरंच. दरवेळी वीसच येतंय.”

“तीनदा चुकलं म्हणजे बरोबर होतं का?”

मागच्या टेबलावर खसखस पिकली. आफरीन मान खाली घालून उभी राहिली, पण आकडा खोडायला काही तयार होईना. मंजुषानं मग स्वतःच त्यावर लाल रेघ ओढली आणि खाली लिहिलं, ‘निष्काळजीपणा’. अंतर्गत गुणांत या प्रात्यक्षिकाचा भोपळा पक्का झाला.

मंजुषा काही प्राध्यापक नव्हे. रसायनशास्त्र विभागात पीएचडी करत होती आणि आठवड्यातून दोन दिवस एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घेत होती. पण त्या दोन दिवसांत प्रयोगशाळेत राज्य तिचंच. पोरांवर तिचा भारी जीव. पाचोडहून, करमाडहून एसटीनं येणारी पोरं अडू नयेत म्हणून ती प्रयोगाआधीच फळ्याच्या कोपऱ्यात अपेक्षित उत्तर लिहून ठेवायची. कुणाची फजिती नाही, कुणाचा खोळंबा नाही, चारच्या आत सगळ्यांच्या जर्नलवर सह्या. अभिप्रायाच्या अर्जात पोरांनी तिलाच पहिला नंबर दिला होता, आणि पुढच्या वर्षीही हीच हवी, असं विभागप्रमुख चारचौघांत बोलून गेले होते.

तिनं बाकीची तेवीस जर्नलं पुढ्यात घेतली. दहा पॉइंट चार. दहा पॉइंट तीन. दहा पॉइंट पाच. बघून जीव सुखावत होता. ती भराभर सह्या करत सुटली.

“मॅडम, ह्यो मोठा फ्लास्क धुऊन ठिवू का?” प्रयोगशाळेतले जुने परिचर कृष्णामामा बेसिनपाशी उभे होते. “दोन लिटरचा हाय, लई जागा अडवतोय. एक लिटरचा परवा फुटला, तवापासून समदं ह्याच्यातच चाललंय.”

“धुवा की,” मंजुषा म्हणाली, आणि तिचा हात सही अर्धवट टाकून थांबला.

कॉस्टिक सोड्याचं द्रावण सकाळी तिनंच बनवलं होतं. चार ग्रॅम सोडा, एक लिटर पाणी. तीन वर्षं ती हे डोळे मिटून करत आली होती. आजही चार ग्रॅम टाकला, फ्लास्क गळ्यावरच्या खुणेपर्यंत भरला आणि द्रावण बाटलीत ओतून पोरांपुढं ठेवलं. तो हाच फ्लास्क. एक लिटरच्या जागी दोन लिटर पाणी पडलं होतं, सोडा मात्र तेवढाच.

ती उठली, रिकाम्या टेबलाशी गेली आणि तिनं तेच द्रावण ब्युरेटच्या आकडे कोरलेल्या नळीत भरलं. खाली आम्ल ठेवलं, त्यात सोडा पुरेसा झाला की रंग धरणारा दर्शक टाकला आणि द्रावण थेंब थेंब सोडू लागली. दहा मिलिलिटर झाले. खालचं आम्ल पाण्यासारखं नितळ. पंधरा झाले, तरी रंगाचा पत्ता नाही. वीसच्या पुढं गेल्यावर पहिल्यांदा गुलाबी छटा उमटली आणि टिकली.

वीस पॉइंट आठ.

आपली चूक झाली, एका पोरीवर अन्याय झाला, हे तर होतंच. पण तेवीस जणांचं काय? दहावर रंगाचा टिपूससुद्धा नव्हता. तेवीस जणांनी ते नितळ आम्ल समोर ठेवून दहा पॉइंट चार लिहिलं होतं, आणि तिनं कौतुकानं सह्या ठोकल्या होत्या.

झाकायचं म्हटलं तर सोपं होतं. द्रावण बेसिनमध्ये ओतायचं, नवं बनवायचं आणि आफरीनला ‘पुन्हा एकदा कर’ म्हणायचं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. क्षणभर तिचा हात बाटलीकडं गेलासुद्धा. मग तिला स्वतःचीच किळस आली.

“सगळ्यांनी इकडं बघा,” ती म्हणाली. “आजचं द्रावण मी चुकीचं बनवलं. दुप्पट पातळ झालंय. या द्रावणात दहा येणं शक्यच नाही, कुणालाच नाही. इथं एकट्या आफरीनचं बरोबर आहे, वीस पॉइंट आठ. आफरीन, माफ कर मला.”

तिनं आफरीनच्या जर्नलातला आपला शेरा खोडला आणि शेजारी सही केली. आफरीननं जर्नल छातीशी धरलं. तिचे डोळे भरून आले होते.

आता कुणीतरी ओशाळेल, कुणीतरी ‘चुकलं मॅडम’ म्हणेल, म्हणून मंजुषा वाट बघत राहिली. पहिल्या टेबलावर सुदर्शन उभा राहिला. बॅचमधला सगळ्यांत हुशार, सगळ्यांत नम्र मुलगा. त्यानं जर्नलाचं पान उघडून ठेवलं होतं आणि जुना आकडा व्यवस्थित खोडलाही होता.

“मॅडम,” त्यानं अदबीनं विचारलं, “मग आता सगळ्यांनी वीस पॉइंट आठच लिहायचं, का थोडं थोडं मागंपुढं?”