भिंतीखालची फुलं

डबा डोक्याच्या वर धरून, गुडघाभर पाण्यातून दशरथ अंबादासच्या दारात पोचला.

"ये रे. चप्पल काढू नको, परत दिसायची नाही," अंबादास खाटेवरून म्हणाला.

दोघे एकाच कारखान्यात राबलेले, एकाच डब्यात जेवलेले. पुढे दशरथ दिंडोशीच्या चढावरल्या सोसायटीत राहायला गेला, तिथला सेक्रेटरी झाला. अंबादास सोसायटीच्या मागच्या भिंतीखालच्या चाळीतच राहिला. पाणी शिरलं की त्याच्या घरची शेगडी माळ्यावर चढायची, आणि वरून दशरथच्या बायकोच्या, नलिनीच्या हातचं गरम पिठलं-भात यायचं. चाळ म्हणायची, दोस्त असावा तर असा. ते ऐकायला दशरथला आवडायचं.

सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले आणि पाणी मुरेनासं झालं. गाड्यांखाली तळं साचू लागलं. तोडगा दशरथनेच काढला होता. "मागच्या भिंतीला बुडाशी भोकं पाडू. पाणी जाईल नाल्यात." भिंत आणि नाला यांच्या मधे चाळ आहे, हे बैठकीत कुणी बोललं नाही. तोही नाही.

"नाला पुन्हा भरला वाटतं," तो आता म्हणाला. दर पावसाळ्यात तो हेच म्हणायचा.

अंबादासची बायको सोनूबाई साडी खोचून, चहाच्या गाळणीने पाण्यातून काही वेचत होती. दशरथने वाकून पाहिलं.

केशरी देठांची पांढरी फुलं. खाटेखालून, पिंपामागून, उंबऱ्यावरून ती घरभर फिरत होती, माहेरी आलेल्या लेकींसारखी. त्या अख्ख्या चढावर पारिजातक एकच होता. नलिनीने लावलेला, भिंतीच्या आत. आज सकाळीच ती कुरकुरली होती, झाड एवढं बहरतं, मग पावसात सडा जातो कुठे?

"बुद्धापुढं ठेवते," सोनूबाई म्हणाली. "ताजी असतात ना अजून."

डबा ठेवायला कुठे कोरडी जागा नव्हती. दशरथ तो धरून तसाच उभा राहिला. वर बघवेना. पाण्याकडे तर मुळीच बघवेना.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

अंबादासने त्याच्या हातून डबा घेतला, झाकण काढलं, वाफ तोंडावर घेतली.

"दरवर्षी आधी तुझी फुलं येतात, दशरथ," तो म्हणाला. "मागून डबा."